जुनं फुटबॉल भारी की आजचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्फवरचा रात्रीचा स्लॉट संपला, किंवा अंधेरीची मॅच बघून लोकल पकडली, की हा विषय हमखास निघतो. एक जण म्हणतो, "पेलेच्या काळात बचाव कुठे होता?" दुसरा म्हणतो, "आजचे सगळे रोबो." खालच्या उत्तरांनी वाद मिटणार नाही, पण निदान दोघं एकाच मुद्द्यावर भांडतील.

दोन काळांची तुलना मुळात करता येते का?

येते, पण आधी प्रश्न फोडावा लागतो. "कोण भारी" यात तीन प्रश्न एकत्र बांधलेले असतात. पहिला: दोन्ही संघ एकाच मैदानावर, एकाच नियमांखाली उतरवले तर कोण जिंकेल? दुसरा: आपापल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा कोण किती पुढे होतं? तिसरा: बघायला मजा कशात येते? गावसकर की तेंडुलकर यावर दादरच्या कट्ट्यावर दोघं तासभर भांडतात, कारण एकाच्या डोक्यात हेल्मेट असतं आणि दुसऱ्याच्या डोक्यात शतकं. इथेही तसंच होतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळपास नेहमीच "आजचा संघ" असं येतं. तिसरा प्रश्न ज्याच्या-त्याच्या आवडीचा. खरी मेहनत दुसऱ्या प्रश्नावर करावी, कारण खेळाडूची थोरवी तिथेच मोजली जाते.

म्हणजे 1970चा ब्राझील आज उतरला तर हरेल?

टाइम मशीनमधून उतरवून थेट मैदानावर सोडला तर हरेल, आणि कारण कौशल्यात नाही. 1970च्या वर्ल्डकप फायनलमधला, इटलीविरुद्धचा चौथा गोल पुन्हा नीट बघा. क्लोदोआल्दो आपल्याच अर्ध्या भागात चार इटालियनांना चकवतो आणि बॉल रिव्हेलिनोकडे देतो. रिव्हेलिनो डाव्या कडेने जाइरझिन्योला, तो आत पेलेला. पेले थांबतो, मान वर करतो आणि उजवीकडे रिकाम्या जागेत अलगद बॉल सरकवतो. कार्लोस आल्बेर्तो धावत येऊन मारतो.

आता बॉलवरची नजर काढा आणि ती उजवी कड रिकामी का होती ते शोधा. इटली माणसाला माणूस लावून खेळत होती. जाइरझिन्यो मूळचा उजवा विंगर. तो डावीकडे गेला तसा त्याच्यावर नेमलेला फाकेत्तीही मागोमाग गेला. फाकेत्तीची जागा मोकळी पडली आणि ब्राझीलला नेमकी तीच हवी होती. आजचा बचाव जागा धरून खेळतो, माणूस हलला म्हणून चौघांची ओळ मोडत नाही. शिवाय पेलेला तिथे थांबून मान वर करण्याइतका वेळ आज मिळणार नाही.

पण न्याय दोन्ही बाजूंनी हवा. त्याच खेळाडूंना आजचं प्रशिक्षण, आजचा आहार आणि दोन वर्षं दिली तर उत्तर बदलेल. आणि आजच्या संघाला समुद्रसपाटीपासून 2,200 मीटरहून उंच असलेल्या मेक्सिको सिटीत, भर दुपारच्या उन्हात, फक्त दोन बदली खेळाडूंवर खेळवलं, तर सतत दबाव टाकण्याचा त्यांचा खेळ अर्ध्या तासात आटोपेल.

जुने सामने इतके संथ का वाटतात?

तीन कारणं आहेत आणि ती वेगवेगळी धरावीत.

पहिलं कॅमेऱ्याचं. तेव्हा मुख्य कॅमेरा उंचावर, एकच, लांबचं दृश्य दाखवणारा. लांबून पाहिलेली धाव हळू दिसते. आज जवळची दृश्यं, रिप्ले, बाजूरेषेवरून पळणारा कॅमेरा यांमुळे तोच वेग दुप्पट भासतो.

दुसरं जागेचं. दोन्ही संघ मैदानभर पसरलेले असायचे. शेवटच्या बचावपटूपासून पुढच्या फॉरवर्डपर्यंतचं अंतर मोठं, त्यामुळे मिडफिल्डरला बॉल घेऊन वळायला वेळ मिळे. प्रशिक्षक आरिगो साकीच्या मिलानने (1989 आणि 1990चे युरोपियन कप) हे अंतर 25 मीटरच्या आसपास आणायचा हट्ट धरला. त्याआधी 1974च्या नेदरलँड्सने आणि लोबानोव्स्कीच्या डायनामो कीव्हने दबाव टाकून जागा आवळण्याचं काम सुरू केलंच होतं. प्रेसिंग गेल्या दहा-पंधरा वर्षांत जन्माला आलं असं कोणी म्हणालं, तर त्याला 1974चे डच सामने दाखवा.

तिसरं कारण म्हणजे खेळ खरंच संथ होता. आज मिडफिल्डर एका सामन्यात साधारण 10 ते 12 किलोमीटर धावतो आणि त्यातला बराच भाग जोरात धावतो. 60-70च्या दशकात असं मोजमाप होत नव्हतं, म्हणून त्या काळाचे किलोमीटर कोणी छातीठोकपणे सांगितले तर सावध व्हा.

गोल जास्त म्हणजे फुटबॉल चांगलं का?

नाही. वर्ल्डकपचे आकडे बघा. 1954: 26 सामन्यांत 140 गोल, म्हणजे सामन्यामागे 5.38. 1970: 2.97. 1990: 52 सामन्यांत 115, म्हणजे 2.21, हा तळ. 2022: 64 सामन्यांत 172, म्हणजे 2.69. 1954मध्ये हंगेरीने दक्षिण कोरियाला 9-0 हरवलं, ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंड 7-5 झाला. पहिला निकाल संघांमधली दरी दाखवतो, दुसरा बचावाची अवस्था.

नियमाने गोल कसे वाढतात याचं जुनं उदाहरण 1925चं. ऑफसाइड न ठरण्यासाठी पुढे तीन प्रतिस्पर्धी हवेत ही अट दोनवर आली आणि इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये एका मोसमात गोल 1,192 वरून 1,703 वर गेले. सामने दोन्ही वर्षी 462च. खेळाडू एका उन्हाळ्यात सुधारले नव्हते. दोन वर्षांनी एव्हर्टनच्या डिक्सी डीनने एका मोसमात 60 गोल केले, ते याच वाऱ्यावर.

आणि "हल्ली गोलच होत नाहीत" हेही खोटं. 2023-24च्या प्रीमियर लीगमध्ये 380 सामन्यांत 1,246 गोल झाले, म्हणजे सामन्यामागे 3.28. उलट 1993-94चं मिलान 34 सामन्यांत 36 गोल करून इटलीचं विजेतं ठरलं. त्यांनी खाल्ले फक्त 15. तो संघ दर्जाने कमी होता असं कोणी म्हणत नाही.

मग वेगवेगळ्या काळांतल्या गोलस्कोअररची तुलना कशी करायची?

सोपा भागाकार आहे. खेळाडूचे सामन्यामागचे गोल काढा. त्याला त्या स्पर्धेच्या सामन्यामागच्या एकूण गोलांनी भागा. वर्ल्डकपच्या पाच खेळाडूंचा हिशोब असा:

कोचिश, 1954: 5 सामन्यांत 11, म्हणजे 2.2. भागिले 5.38, उत्तर 0.41.
फाँतेन, 1958: 6 सामन्यांत 13, म्हणजे 2.17. भागिले 3.6, उत्तर 0.60.
गर्ड म्युलर, 1970: 6 सामन्यांत 10, म्हणजे 1.67. भागिले 2.97, उत्तर 0.56.
स्किलाची, 1990: 7 सामन्यांत 6, म्हणजे 0.86. भागिले 2.21, उत्तर 0.39.
एम्बापे, 2022: 7 सामन्यांत 8, म्हणजे 1.14. भागिले 2.69, उत्तर 0.42.

कोचिशचे अकरा आणि स्किलाचीचे सहा जवळजवळ एकाच वजनाचे निघतात. कागदावर एकजण दुसऱ्याच्या दुप्पट दिसतो. फाँतेन आणि म्युलर मात्र भागाकारानंतरही वरच राहतात, म्हणजे त्यांचं मोठेपण काळाच्या उदारपणातून आलेलं नाही.

यात चूक कुठे होते? स्किलाची पहिल्या दोन सामन्यांत बदली म्हणून आला होता, त्यामुळे मिनिटांवर हिशोब केला तर तो वर सरकतो. फाँतेनचे चार गोल तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यातले आहेत. पेनल्टी वेगळ्या काढल्या तर चित्र आणखी हलतं. आणि सहा-सात सामन्यांचा नमुना लहानच. लीगच्या पूर्ण मोसमावर हाच भागाकार केला तर जास्त भरवशाचा.

पेलेच्या हजारावर गोलांचं काय, हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्यात मैत्रीपूर्ण सामने आणि सांतोसचे परदेश दौरे धरलेले आहेत. अधिकृत सामन्यांचा आकडा साडेसातशेच्या आसपास येतो. तुलना करताना तोच घ्या. मात्र ते दौरे फालतू होते असंही समजू नका. सांतोस तिथे युरोपातल्या मोठ्या क्लबांशी खेळत असे.

कोणते नियमबदल डोक्यात ठेवायलाच हवेत?

सगळे नकोत. 1970: पिवळं-लाल कार्ड आणि वर्ल्डकपमध्ये पहिल्यांदाच बदली खेळाडू, दोन. 1990: बचावपटूच्या समरेषेत असलेला फॉरवर्ड ऑफसाइड नाही. 1992: बॅकपास. 1994: वर्ल्डकपमध्ये विजयाला तीन गुण (इंग्लंडमध्ये 1981 पासूनच). 1998: मागून घातलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड. 2018: वर्ल्डकपमध्ये व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफ्रीचा निर्णय तपासणं). 2019: गोलकिकचा बॉल सहकाऱ्याला पेनल्टी बॉक्सच्या आतच मिळू शकतो. 2020 पासून पाच बदली खेळाडू, 2022 पासून कायमचे.

यांपैकी एकच लक्षात ठेवायचा असेल तर 1992चा ठेवा.

बॅकपासच्या नियमाने एवढं काय केलं?

त्याआधी पुढे असलेला संघ बॉल गोलीकडे परत मारायचा, गोली तो हातात उचलायचा, टप्पे मारायचा, बचावपटूकडे सरकवायचा, बचावपटू पुन्हा गोलीकडे. 1990चा आयर्लंड-इजिप्त 0-0 सामना किंवा युरो 1992ची फायनल बघा, काय म्हणायचंय ते दहा मिनिटांत कळेल. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला बॉल हातात घ्यायला बंदी आली आणि गोलीला पायांनी खेळणं भाग पडलं. गोली पायांनी खेळतो म्हटल्यावर फॉरवर्डला त्याच्यावर धावून जाण्यात अर्थ उरला. त्यातून वरपासून दबाव टाकणं फायद्याचं झालं. दबाव आला म्हणून बचावपटूंना पास शिकावे लागले. आजचं फुटबॉल म्हणून जे आपण ओळखतो त्यातलं बरंचसं या एका ओळीच्या नियमातून निघालंय. 2019च्या गोलकिकच्या बदलाने त्यावर कळस चढवला.

म्हणून जुन्या गोलींना "पायाने कच्चे" म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांच्याकडून ते कोणी मागितलंच नव्हतं.

मैदान, बॉल, बूट यांचा फरक खरंच पडतो?

पडतो, आणि मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. जुलैत चिखलात बॉल जमिनीवरून दहा मीटर पास करून बघा. मधेच अडकतो, म्हणून सगळे उचलून मारायला लागतात. इंग्लंडचे हिवाळ्यातले जुने सामने असेच होते. लांब पास आणि हेडर हा तिथला अडाणीपणा नव्हता, मैदानाला दिलेलं उत्तर होतं.

बॉलचं वजन नियमात 410 ते 450 ग्रॅम आहे आणि ते 1937 पासून तसंच आहे. गोम अशी की हे वजन सामन्याच्या सुरुवातीचं. चामड्याचा बॉल पाणी पितो आणि तासाभरात जड होतो. वर्ल्डकपमध्ये पूर्ण कृत्रिम बॉल 1986 मध्ये आला. "जुना बॉल दगडासारखा होता" हे म्हणून ओल्या मैदानापुरतं खरं. कोरड्या दिवशी तो आजच्याइतक्याच वजनाचा असे.

पूर्वी तंगड्या तोडायचे. मेसी तेव्हा टिकला असता का?

तोडायचे हे खरंय. 1966 मध्ये पेलेला बल्गेरिया आणि पोर्तुगालने लाथाडून स्पर्धेतून काढलं. 1982च्या एका सामन्यात इटलीविरुद्ध माराडोनावर 23 फाउल झाले. 1986च्या अख्ख्या स्पर्धेत त्याच्यावर 53. आज त्यातल्या निम्म्या टॅकलवर कार्ड निघेल.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. माराडोनाला फाउल करणारा बहुतेक वेळा एकटा असायचा. त्याला चुकवलं की पुढे मोकळं रान. मेसीला पहिला चुकवल्यावर पाच पावलांवर दुसरा, त्याच्यामागे तिसरा. तेव्हाची अडचण घोट्याला होती, आजची जागेला आहे. मेसीचा तोल आणि बॉल पायाजवळ ठेवायची सवय बघता तो टिकला असता असंच आम्हाला वाटतं, मात्र वर्षाला 60 सामने खेळून नव्हे. 2012 मध्ये त्याने केलेले 91 गोल आजच्या रेफ्री आणि डॉक्टरांशिवाय झाले नसते.

हल्ली सगळे संघ एकसारखे खेळतात. कलाकार संपले का?

तक्रारीत तथ्य आहे. पूर्वी संघ एकमेकांना फार कमी बघायचे, म्हणून धक्के बसायचे. 25 नोव्हेंबर 1953 रोजी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 हरवलं. हिडेगकुटी सेंटर फॉरवर्डच्या जागेवरून मागे येऊन खेळत होता आणि त्याच्यामागे जायचं की नाही हे इंग्लिश सेंटर हाफला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आज असा डाव पहिल्या शनिवारी दिसला तर दुसऱ्या शनिवारी त्याचा उतारा तयार असतो.

जुना "दहा नंबर", फॉरवर्डच्या मागे उभा राहून पास वाटणारा, नाहीसा झाला कारण बॉल गेल्यावर धावत नाही असा एकही माणूस आता संघाला परवडत नाही. त्याचं कसब मात्र खोलवर खेळणाऱ्या मिडफिल्डरकडे आणि बचावपटूंकडे गेलंय. आजचा सेंटर बॅक ज्या सफाईने 40 मीटरचा पास देतो तो 80च्या दशकात प्लेमेकरच देत असे.

पूर्वी छोटे क्लब युरोप जिंकायचे. आता का नाही?

ही आजच्या काळाची खरी पडती बाजू. सेल्टिक 1967 मध्ये जिंकलं ते ग्लासगोच्या आसपास 30 मैलांत जन्मलेल्या खेळाडूंवर. नॉटिंगहॅम फॉरेस्ट 1979 आणि 1980, स्टेआवा बुखारेस्ट 1986, रेड स्टार बेलग्रेड 1991. डिसेंबर 1995 मध्ये युरोपीय न्यायालयाचा बोसमन निकाल आला. करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ लागला आणि युरोपियन युनियनमधल्या देशांच्या खेळाडूंवरची परदेशी मर्यादा उठली. त्याच सुमारास चॅम्पियन्स लीगचा पैसा वाढत होता. 1995चं विजेतं आयाक्स बघता बघता विखुरलं. 2004चं पोर्तो हा त्यानंतरचा ठळक अपवाद.

परिणाम असा की वरच्या आठ-दहा क्लबांची पातळी कधी नव्हे इतकी उंच आहे आणि बाकीचे त्यांना खेळाडू पुरवतात. जुन्या युरोपियन कपमध्ये पूर्व युरोपचा संघ सहज उपांत्य फेरीत दिसायचा. ती विविधता गेली, ती गेलीच.

भारताचा "सुवर्णकाळ" खरा होता की आपलं जुनं ते सोनं?

खरा होता, पण चौकट ध्यानात घ्या. 1951 आणि 1962चं आशियाई सुवर्ण, 1956 मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवताना मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने हॅटट्रिक केली, आणि ऑलिंपिकमध्ये ती करणारा तो पहिला आशियाई. युगोस्लाव्हियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यातही पहिला गोल त्याचाच होता, मग आपण 4-1 हरलो.

आता दुसरी बाजू. त्या ऑलिंपिकमध्ये फक्त 11 संघ होते आणि पहिल्या फेरीत हंगेरी न आल्याने आपल्याला पुढे चाल मिळाली. ऑलिंपिक हौशी खेळाडूंचं होतं. 1952 मध्ये त्याच युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 धुतलं होतं, तेव्हा आपले बरेच जण अनवाणी होते. देशातले सामने 70 मिनिटांचे असायचे, त्यामुळे शेवटची वीस मिनिटं दमछाक व्हायची.

आजचा भारतीय खेळाडू त्या काळच्या खेळाडूपेक्षा वेगवान, तंदुरुस्त आणि डावपेचांत शहाणा आहे. फरक इतकाच की जपान, कोरिया, इराण आपल्यापेक्षा कितीतरी भरभर पुढे गेले. दर्जा वाढला, क्रमांक घसरला. दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

आणि मुंबईचं काय?

रोव्हर्स कप ही मुंबईची जुनी स्पर्धा 1891 मध्ये सुरू झाली आणि 2000-01 नंतर बंद पडली. हैदराबाद सिटी पोलीसने 1950 ते 1954 हा कप सलग पाच वेळा नेला. कूपरेजवर टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा अशा कंपन्यांचे संघ नोकरी देऊन खेळाडू सांभाळत. महिंद्रा युनायटेडने 2005-06ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये संघ बंद केला.

मुंबई सिटीने 2020-21 मध्ये आयएसएलची (इंडियन सुपर लीग) लीगमध्ये अव्वल राहिल्याची शील्ड आणि करंडक दोन्ही घेतले, आणि 2022 मध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला 2-1 हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढच्या वर्षी अल-हिलालकडून तोच क्लब रियाधला 6-0 आणि नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर 2-0 हरला. वरच्या संघाची पातळी जुन्या कंपनी-संघांहून निश्चित उंच आहे. पण परळ-माझगावच्या पोराला खेळावर कायमची नोकरी मिळायची ती वाट जवळपास बुजली, आणि तिचा पर्याय अजून उभा राहिलेला नाही.

घरबसल्या स्वतः तुलना करायची असेल तर?

एक जुना आणि एक नवा पूर्ण सामना घ्या. हायलाइट्स चालणार नाहीत, त्यात प्रत्येक काळ सुंदरच दिसतो. फिफाच्या यूट्यूब चॅनेलवर वर्ल्डकपचे जुने पूर्ण सामने सापडतात. 1970 आणि 2022च्या फायनल ही जोडी बरी. मोबाइलचं स्टॉपवॉच आणि एक वही पुरते.

दोन्हीकडे 25व्या ते 40व्या मिनिटापर्यंतचा तुकडा बघा. सुरुवातीला धास्ती असते, शेवटी थकवा. मग नोंदवा:

1. पंधरापैकी किती मिनिटं बॉल प्रत्यक्ष खेळात होता.
2. मिडफिल्डरला बॉल मिळाल्यापासून प्रतिस्पर्धी हातभर अंतरावर येईपर्यंत किती सेकंद. दहा वेळा मोजा, सरासरी काढा. सगळ्यात बोलका आकडा हाच.
3. बॉल मधल्या रेषेवर असताना बचावफळी कुठे आहे. अंदाजाला मैदानावरच्या खुणा वापरा: पेनल्टी बॉक्स गोलरेषेपासून 16.5 मीटर, मधल्या वर्तुळाची त्रिज्या 9.15 मीटर.
4. गोलीने बॉल किती वेळा हाताने आणि किती वेळा पायाने हाताळला.
5. समोरासमोर चकवण्याचे प्रयत्न किती आणि यशस्वी किती.

गडबड बहुधा इथे होते: एका तुकड्यात स्कोअर बरोबरीचा, दुसऱ्यात एक संघ दोन गोलांनी पुढे. पुढे असलेला संघ कुठल्याही काळात मागे सरकतो, मग बचावफळीचा आकडा फसवतो. अशा वेळी तुकडा बदला. दुसरी चूक म्हणजे जुन्या काळातली फायनल आणि नव्या काळातला मंगळवारचा कुठलातरी लीग सामना समोरासमोर ठेवणं. तिसरी, एकाच जोडीवरून निकाल देणं. निदान तीन जोड्या करा.

व्हीएआरने मजा घालवली, हे तरी मान्य?

गोल झाल्यावर दोन मिनिटं थांबून जल्लोष करावा लागतो, हे मान्य. पण माराडोनाचा हाताने मारलेला गोल आज दिला गेला नसता, आणि 1982-86चे निम्मे टॅकल लपले नसते. दर्जाच्या तुलनेत व्हीएआरचा वाटा लहान आहे. भांडण्यातला वाटा मोठा.